थंडीतील सायकल आणि स्वेटरचा रंग

मार्गशीर्ष लागला म्हणजे इंद्रवेल्लीच्या रस्त्यांवर एक दृश्य रोज दिसू लागते. सूर्य नुकताच झाडांच्या वर आलेला असतो, कापसाच्या शेतांवर धुके रेंगाळत असते, आणि मुत्नूरकडून, केस्लापूरकडून, उटनूरच्या वाटेने शाळकरी मुलेमुली सायकलींवर येत असतात. कोणी कानटोपी घातलेली, कोणी आईची शाल गळ्याभोवती गुंडाळलेली, तर कोणी केवळ गणवेशाच्या सदऱ्यावर. एक हात हँडलवर आणि दुसरा खिशात. हा दुसरा हात खिशात घालणारा विद्यार्थी आमच्या लेखाचा विषय आहे. त्यास थंडी वाजते आहे हे तर उघडच दिसते. परंतु ऐन वेळी त्यास ब्रेक दाबता येणार नाही, ही गोष्ट अधिक गंभीर आहे, आणि तिची चर्चा कोणी करीत नाही.

तेलंगणात थंडीचा विषय निघाला की आदिलाबाद जिल्ह्याचे नाव प्रथम घेतले जाते. हैदराबादेत राहणारे आमचे नातलग संक्रांतीच्या सुमारास आले म्हणजे पहिल्या रात्रीच दुसरी गोधडी मागतात. उत्तरेकडून येणारे कोरडे वारे विदर्भ ओलांडून आमच्या डोंगराळ मुलखात शिरतात. आकाश निरभ्र असल्यामुळे दिवसा तापलेली जमीन रात्री आपली उष्णता झपाट्याने गमावते. आणि डिसेंबर-जानेवारीत पारा १० अंशांच्या खाली उतरणे ही नवलाची गोष्ट राहत नाही. एखाद्या वर्षी तो ५ अंशांच्या आसपासही जातो. आमचे तेलुगू शेजारी थंडीला ‘चलि’ म्हणतात. लहानपणी पहाटे कोणी ‘चलि, चलि’ म्हणाले की आम्हांस वाटे, हा आपल्याला ‘चल’ म्हणतो आहे. आणि आम्ही गोधडीत आणखी आत शिरत असू.

दोन गोष्टी मात्र फारशा कोणाच्या ध्यानात येत नाहीत. रात्रीचा सर्वांत थंड क्षण मध्यरात्री नसतो. तो सूर्योदयाच्या सुमारास, पुष्कळदा सूर्य उगवल्यावर थोड्या वेळाने येतो. म्हणजे लांबच्या गावचा विद्यार्थी सायकलीचे कुलूप काढतो, त्याच वेळी. दुसरी गोष्ट अशी की, थंड हवा जड असते. ती पाण्यासारखी उताराने वाहत जाऊन ओढ्यानाल्यांच्या खोलगटांत साचून राहते. पुलाकडे उतरताना गालांवर एकाएकी चटका बसावा आणि पलीकडचा चढ चढताच तो नाहीसा व्हावा, हा अनुभव येथे सायकल चालवणाऱ्या प्रत्येकास आहे. पुलाखाली कोणीतरी राहते म्हणून असे होते, असेही आम्ही वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकले आहे. राहते ती फक्त थंड हवा.

त्यात सायकलस्वार स्वतःचा वारा स्वतःच निर्माण करीत असतो. आपल्या कातडीला चिकटून ऊबदार हवेचा एक पातळ थर असतो. वारा तो उडवून नेतो. पॉल सिपल आणि चार्ल्स पॅसेल या दोघा अमेरिकन संशोधकांनी १९४०-४१ च्या सुमारास अंटार्क्टिकाच्या मुक्कामात पाण्याने भरलेली एक छोटी नळी उघड्यावर टांगली आणि वेगवेगळ्या वाऱ्यांत ते पाणी गोठावयास किती वेळ लागतो, हे मोजले. वारा थंडीत नेमकी किती भर घालतो याचा हिशेब त्या खटाटोपातून सुरू झाला. त्याची सुधारलेली रीत २००१ पासून कॅनडा व अमेरिकेत वापरली जाते. त्या रीतीने आम्ही आमच्या रस्त्याचे गणित करून पाहिले. हवा ८ अंश असताना ताशी १५ किलोमीटर वेगाने सायकल हाकली, तर उघड्या कातडीला ती साडेपाच अंशांसारखी लागते. उतारावर वेग ३० झाला, तर ४ अंशांसारखी. थर्मामीटर अर्थातच आठच दाखवील. त्याला शाळेत जायचे नसते.

एवढे वाचून एखादी माउली आपल्या मुलास दोन स्वेटर आणि वर जाड कोट चढवील, तर तेही चुकेल. थंडीचा पोशाख जितका जाड तितका चांगला, ही समजूत बैलगाडीत बसणाऱ्यास लागू पडते, सायकलस्वारास नव्हे. पायडल मारताना शरीर जेवढी शक्ती खर्च करते, तिचा सुमारे चौथा हिस्सा काय तो चाके फिरवण्यास लागतो. उरलेली सारी शक्ती उष्णता होऊन अंगातच राहते. म्हणून दारातून निघताना ज्यास मुळीच थंडी वाजत नाही, तो अर्ध्या वाटेवर घामाघूम झालेला असतो. मग चढ संपतो, उतार लागतो, आणि ओल्या सदऱ्यावर वारा बसतो. पाणी हवेच्या सुमारे पंचवीस पट वेगाने उष्णता वाहून नेते, एवढे ध्यानात घेतले म्हणजे घामाने भिजलेला सदरा काय करतो हे सांगावयास नको. आमचा नियम साधा आहे : पहिली दहा मिनिटे थोडीशी थंडी वाजली पाहिजे. ती वाजत नसेल, तर एक कपडा जास्त झाला आहे.

येथे आम्हांस थोडे जड अंतःकरणाने लिहावे लागते. आमचा जिल्हा कापसाचा. कापसावर घरे उभी राहिली, कापसावरच मुलींची लग्ने झाली. परंतु खरे ते सांगितले पाहिजे : घाम आणि थंडी एकत्र आली की सुती कापड कामाचे नाही. ते ओलावा शोषते आणि धरून ठेवते. लोकरीची रीत निराळी. ती आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतका ओलावा पोटात घेऊनही हातास ओली लागत नाही. धनगराच्या घोंगडीची थोरवी यातच आहे. अंगभर घोंगडी पांघरून सायकल चालवता येत नाही हे खरे. तिचे टोक साखळीत जाणारच. परंतु जीर्ण झालेल्या घोंगडीच्या धड राहिलेल्या भागाची बिनबाह्यांची बंडी शिवून सदऱ्यावर घातली, तर बाजारातल्या चकचकीत जाकिटाने मान खाली घालावी. टोचते, हा तिचा एकच दोष.

बंडी नसेल तर वर्तमानपत्र आहे. यात हसण्यासारखे काही नाही. फ्रान्सच्या सुप्रसिद्ध सायकल शर्यतीतले नामांकित स्वार घाटमाथ्यावर पोहोचले म्हणजे उतार लागण्यापूर्वी प्रेक्षकांच्या हातून वर्तमानपत्रे घेत व ती छातीवर, सदऱ्याच्या आत खोचीत. कागद वारा अडवतो, आणि त्याच्या घड्यांमध्ये अडकलेली स्थिर हवा ऊब राखते. सदरा आणि स्वेटर यांच्या मध्ये चार पाने घडी करून घालावीत व शाळेत पोहोचल्यावर काढून ठेवावीत. पत्र मराठी असो वा तेलुगू, परिणाम सारखाच. अग्रलेख हृदयाशी धरण्याचा हा एकच प्रकार आजवर आम्हांस साधला आहे.

पोशाखाने शर्यतीचा निकाल ठरल्याचेही एक उदाहरण आहे. ५ जून १९८८ रोजी इटलीतील मोठ्या शर्यतीचे स्वार आल्प्समधील गाव्हिया घाट ओलांडत असता भर उन्हाळ्यात बर्फ कोसळू लागला. बहुतेकांच्या अंगावर उन्हाळी कपडे. अँडी हॅम्पस्टेन नावाच्या अमेरिकन स्वाराने व त्याच्या चमूने मात्र हवेचा रंग ओळखून उबदार हातमोजे आणि टोपी यांची तजवीज अगोदर करून ठेवली होती. त्या दिवशी तो दुसरा आला. पण एकूण शर्यतीतली आघाडी, म्हणजे तेथील गुलाबी सदरा, त्याच्याकडे आली, आणि शेवटी ती शर्यत त्यानेच जिंकली. पायांत बळ इतरांच्याही होते. बोटे वळत होती ती त्याची.

बोटांचा मुद्दा आम्ही पुन्हा काढतो, कारण सारे संकट तेथेच आहे. शरीर थंड पडू लागले की ते पोटाछातीची ऊब राखण्यासाठी हातापायांकडचा रक्तपुरवठा आखडून घेते. बोटे बधिर होतात. ब्रेक दाबला की नाही हे कळत नाही. मग मुले आळीपाळीने एकेक हात खिशात घालतात आणि वळणावर बैल आडवा आला की उरलेल्या एका हाताने पुढचा ब्रेक कचकन दाबतात. पुढे काय होते, ते गुडघे सांगतात. लोकरी हातमोजे मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास जुन्या पायमोज्यांना अंगठ्यापुरते भोक पाडून ते हातांत घालावेत. मात्र पकड घसरत नाही ना, हे अंगणात एकदा तपासून पाहावे.

डोक्याविषयी एक गैरसमज सर्वत्र आहे की शरीराची निम्मी उष्णता डोक्यावाटे जाते. तसे नाही. अंगाच्या मानाने डोके जेवढे, साधारण तेवढ्याच प्रमाणात ती जाते. तरी कानटोपी हवीच, कारण कानांच्या पाळ्या आणि कपाळ यांना वारा थेट झोंबतो. ती विणीची असावी, म्हणजे मागून येणाऱ्या लॉरीचा भोंगा ऐकू येतो. कानटोपीखाली गाणी ऐकण्याची नळी खोचून येणाऱ्या मोठ्या मुलांस आम्ही काय सांगावे? ज्यांना दम्याचा त्रास आहे, त्यांनी नाकावरून पातळ फडके बांधावे. थंड कोरड्या हवेने श्वासनलिका आकसतात. फडक्यातून हवा किंचित ऊबदार व दमट होऊन आत जाते.

मफलर आणि ओढणी यांना आम्ही वेगळे काढले आहे. इझाडोरा डंकन ही जगप्रसिद्ध नर्तकी १४ सप्टेंबर १९२७ रोजी फ्रान्समधील नीस शहरी उघड्या मोटारीतून जात असता तिच्या गळ्यातला लांब रुमाल मागच्या चाकात गुंतला आणि ती तत्काळ मरण पावली. सायकलीचे मागचे चाक तर पाठीपासून हातभर अंतरावर असते. ओढणी कमरेशी गाठ मारून किंवा स्वेटरच्या आत खोचूनच सायकलीवर बसावे. मफलरची टोके मोकळी सोडू नयेत. सलवारीची वा पँटची उजवी बाजू साखळीत जाऊ नये म्हणून कपडे वाळत घालण्याचा एक चिमटा पुरतो. दिवसभर तो खिशात पडून राहतो आणि कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, हीदेखील एक सोय.

आता ज्या मुद्द्यासाठी लेखणी हाती घेतली, त्याकडे येतो. काही वर्षांपूर्वी एका शाळेच्या फाटकाशी आम्ही एक प्रसंग पाहिला. शाळा कोणती, हे येथे महत्त्वाचे नाही. एक मुलगी लांबच्या गावाहून सायकलीने आली. अंगात वडिलांचा करडा स्वेटर. बाह्या दोनदा दुमडलेल्या. गणवेशाचा स्वेटर गडद निळा. नियमाप्रमाणे तिला तो करडा स्वेटर काढून दप्तरात ठेवावयास सांगण्यात आले. तिने मुकाट्याने काढला. आतला सदरा पाठीवर घामाने ओला झालेला होता. त्यानंतर प्रार्थना, प्रतिज्ञा, बातम्या, सूचना असा सारा कार्यक्रम इमारतीच्या सावलीत पार पडला, आणि तेवढा वेळ ती मुलगी ओल्या सदऱ्यावर उभी होती. वाटेवर तिला थंडी वाजली नसेल तितकी तेथे वाजली. ती पुढच्या रांगेत होती, म्हणून तिचे थरथरणे आम्हांस स्पष्ट दिसले. फाटकावरच्या गुरुजींनाही ते दिसले असावे. कारण ते दुसरीकडे पाहत होते.

त्या गुरुजींस आम्ही दोष देत नाही. नियम होता, तो त्यांनी पाळला. नियमामागचा हेतूही वाईट नव्हता. गणवेश कशासाठी? श्रीमंताचे मूल आणि मजुराचे मूल शेजारी बसले असता कपड्यांवरून ओळखू येऊ नये, यासाठी. हा हेतू आम्हांस मनापासून मान्य आहे. परंतु सदऱ्याच्या बाबतीत जो नियम गरिबी झाकतो, तोच स्वेटरच्या बाबतीत ती उघडी पाडतो. निळा स्वेटर ज्याच्या घरी विकत घेता येतो, तो ऊबेत उभा राहतो; ज्याच्या घरी थोरल्या भावाचा हिरवा किंवा बापाचा करडा आहे, तो कुडकुडतो. रांगेत नुसती नजर फिरवली तरी कोणाच्या घरी काय आहे हे कळते. जी गोष्ट दिसू नये म्हणून नियम केला, तीच नियमाने दाखवून दिली.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला असा की, मुलांनी थंडी सोसावयास शिकले पाहिजे. आमच्याच तालेवार मेसराम मंडळींकडे बोट दाखवून हे सांगितले जाते. पौषात नागोबाच्या जत्रेपूर्वी ही मंडळी झारी घेऊन हस्तिनमडुगू येथे गोदावरीचे पाणी आणावयास पायी जातात, अनवाणी जातात, आणि परत आल्यावर केस्लापुरात वडाखाली मुक्काम करतात. त्यांच्या निष्ठेपुढे आम्ही नम्र आहोत. पण ते पायी जातात, म्हणजे स्वतःचा वारा निर्माण करीत नाहीत. चालण्याची ऊब त्यांच्या अंगात टिकते. आणि त्यांच्या डोक्यास पांढरे पागोटे असते. मुख्य म्हणजे तो त्यांनी स्वतः घेतलेला नेम आहे. फाटकावर स्वेटर काढून घेणे याला नेम म्हणत नाहीत.

दुसरा आक्षेप शिस्तीचा. आज स्वेटरचा रंग सोडला तर उद्या सदऱ्याचा सुटेल, असे म्हणतात. ही भीती आम्हांस खरी वाटत नाही. मार्गशीर्ष ते माघ एवढे अडीच-तीन महिने स्वेटर, कानटोपी आणि हातमोजे कोणत्याही रंगाचे चालतील, एवढे एक वाक्य सूचनाफलकावर लिहिल्याने कोणती शिस्त बुडणार आहे? उलट, गडद निळा रंग धुक्यात लॉरीवाल्यास दिसत नाही. पांढरा, पिवळा, भगवा दिसतो. एखाद्या आजीने उरलेल्या लोकरीचा पाच रंगांचा स्वेटर विणून दिला असेल, तर धुक्याच्या रस्त्यावर तोच सर्वांत शहाणा पोशाख होय.

ही बाब किरकोळ आहे असे ज्यांस वाटते, त्यांनी बिहारकडे पाहावे. तेथे २००६ साली नववीतल्या मुलींस सायकली देण्याची योजना सुरू झाली. अर्थशास्त्रज्ञांनी तिचा अभ्यास केला, तेव्हा माध्यमिक शाळेत नाव घालणाऱ्या मुलींचे प्रमाण सुमारे एक-तृतीयांशाने वाढल्याचे आढळले. म्हणजे घर आणि शाळा यांमधले अंतर हेच पुष्कळ मुलींच्या शिक्षणातला अडथळा होते, आणि सायकलीने ते तोडले. आमच्याकडेही कित्येक वाड्यांवरून सायकलीवाचून शाळा शक्य नाही. जी मुलगी एवढी वाट तुडवून आली, तिचे शिक्षण एका स्वेटरपायी पौषात दहा-बारा दिवस बुडावे काय? ‘सर्दी झाली’ असे हजेरीपटावर लिहिले जाते. सर्दी विषाणूने होते, थंडीने नव्हे, हे आम्हांस ठाऊक आहे. पण त्या दहा-बारा दिवसांतले कितीतरी दिवस सर्दीचे नसतात. ते फाटकाचे असतात.

प्रार्थना उन्हात घ्यावी, ही दुसरी विनंती. आमच्या आवारात सकाळचे ऊन प्रथम पश्चिमेच्या भिंतीशी येते. रांगा तेथे वळवण्यास काही खर्च नाही. सायकलींवरून येणाऱ्या मुलांनी दप्तरात एक कोरडा सदरा किंवा निदान घाम पुसावयास पंचा ठेवावा, आणि व्हरांड्यात ओले कपडे टांगण्यासाठी एक दोरी असावी. दोरीसाठी खिळे ठोकण्यास आम्ही तयार आहोत.

हा अंक घरोघर पोहोचेल तेव्हा पळस फुललेला असेल, आणि थंडीचा विषय कोणाच्या मनातही उरणार नाही. स्वेटर धुऊन, कडुनिंबाची पाने घालून ट्रंकेत जातील. त्यांतले जे या वर्षी मुलांना आखूड झाले असतील, ते ट्रंकेत न ठेवता शाळेत आणून द्यावेत, अशी पालकांस विनंती आहे. ग्रंथालयातले खालचे कपाट त्यासाठी रिकामे करवून घेतले आहे. रंग कोणताही चालेल.